पथकर बसविण्यापूर्वीं गांवास विचारावें कीं नाहीं?

राष्ट्रीय महामार्गावर अगर राज्यमार्गावर पथकर बसवावयाचा झाल्यास, ज्या गांवांच्या शिवारांतून तो रस्ता जातो त्यांच्या ग्रामपंचायतींस, तालुक्याच्या पंचायत समितीस, जिल्हा परिषदेस व जवळच्या नगरपालिकेस आधीं लेखी विचारलें पाहिजे, असें बंधन कायद्यानें सरकारवर घालावें कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही या अंकीं वाचकांपुढें मांडीत आहों. हा प्रश्न वकिलांचा व मोटारवाल्यांचा आहे, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. म्हणून पथकर वस्तुतः कोण भरतो, येथूनच आरंभ करणें बरें.

२००८ सालच्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांप्रमाणें ट्रॅक्टर, दुचाकी व बैलगाडी यांजवर सामान्यतः शुल्क नाहीं. एवढ्यावरून शेतकरी पथकरांतून सुटला असें मानणारे लोक आहेत. परंतु आज किती शेतकरी आपला माल बैलगाडींत घालून पन्नास कोसांवरच्या पेठेंत नेतात? माल जातो तो भाड्याच्या टेम्पोंतून अगर मालमोटारींतून. नारायणगांवाकडचा टोमॅटो असो, निफाडाकडचीं द्राक्षें असोत, कीं लासलगांवाहून निघालेला कांदा असो, नाक्यावर पैसे भरतो तो मोटारमालक. तो ते भाड्यांत घालतो. पेठेंतला आडत्या तें भाडें हमाली व तोलाई यांच्या जोडीला हिशोबपट्टींत वजा करितो. आणि पट्टी हातीं आली म्हणजे ‘मोटारभाडें’ या एका शब्दाखालीं सर्व कांहीं गेलेलें शेतकऱ्यास दिसतें. त्यांत डिझेलचे किती, मोटारमालकाचे किती आणि नाक्यांचे किती, याचा उलगडा पट्टींत कधींच नसतो.

उसाची गोष्ट याहून उघड आहे. साखर कारखाने तोडणी व वाहतूक यांचा खर्च ऊसदरांतून वजा करूनच शेतकऱ्यास रक्कम देतात. तेव्हां मालमोटारीनें ऊस ओढला आणि वाटेंत नाका लागला, तर तो नाका कारखान्यानें नव्हे, उसाच्या धन्यानें भरला असेंच म्हटलें पाहिजे. उलट बाजूनें, गांवीं येणारें खत, सरकी पेंड, पाइप, पत्रे यांच्या किंमतींत दुकानदार वाहतुकीचा खर्च मिळवितो. म्हणजे माल जातांना पथकर वजा होतो व माल येतांना तो मिळविला जातो, आणि दोन्ही वेळां भरणारा मनुष्य एकच असतो. व्यापाऱ्यास आपला खर्च पुढें ढकलतां येतो. शेतकऱ्याच्या पुढें कोणी नसल्यामुळें तो त्याजपाशींच थांबतो.

नाक्याजवळच्या लोकांसाठीं सवलती आहेत, हें खरें. नाक्यापासून २० किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्याच्या खासगी वाहनास मासिक पास मिळतो. त्याचा दर २००७-०८ सालाकरितां १५० रुपये धरला होता व तो दरसाल वाढत आला. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारी, जीप व व्हॅन यांस ३००० रुपयांत एक वर्ष अगर २०० फेऱ्या, असाही पास सुरू झाला. परंतु हे दोन्ही पास माणसें नेणाऱ्या गाडीस आहेत, माल नेणाऱ्या गाडीस नाहींत. त्याच जिल्ह्यांत नोंदलेल्या मालवाहनास निम्म्या दराची सवलत नियमांत आहे. पण राष्ट्रीय परवान्यावर धांवणारी मालमोटार तिच्यांतून वगळली आहे, आणि शेजारीं सेवारस्ता अगर पर्यायी रस्ता असला तर ती सवलतही उरत नाहीं. गांवचा मनुष्य गाडींत बसून बाजारास गेला तर त्यास सवलत, आणि त्याचा माल बाजारास गेला तर पूर्ण दर, अशी ही योजना आहे. ती ठरवितांना एखाद्या तालुक्याच्या पंचायत समितीचें मत कोणी घेतलें असतें तर ती अशीच झाली असती काय, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. राष्ट्रीय महामार्गांवर शुल्क घेण्याचा अधिकार १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या ७ व्या कलमानें केंद्र सरकारास दिला आहे, आणि तो राजपत्रांत अधिसूचना काढून वापरावयाचा आहे. आपल्या राज्यांतल्या रस्त्यांवरील पथकर १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाच्या २० व्या कलमाखालीं, तशाच अधिसूचनेनें बसतो. या दोन्ही कलमांत स्थानिक संस्थांस विचारण्याचें बंधन नाहीं. २००८ च्या नियमांनीं नाके कोठें असावेत याविषयीं कांहीं मर्यादा घातल्या आहेत: एका दिशेस एकाच विभागांत दोन नाक्यांमध्यें ६० किलोमीटरांचें अंतर असावें, नाका नगरपालिकेच्या हद्दीपासून १० किलोमीटरांच्या बाहेर असावा. पण लागलीच पुढें, कारणें लेखी नमूद करून हीं अंतरें कमी करण्याची मोकळीकही दिली आहे. कारणें लिहावयाचीं कोणी? ज्या अधिकाऱ्यास नाका बसवावयाचा आहे त्यानें. तीं तपासावयाचीं कोणी, हें नियमांत सांपडत नाहीं. ६० किलोमीटरांच्या आंतले नाके तीन महिन्यांत बंद करूं, असें केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं मार्च २०२२ मध्यें लोकसभेंत सांगितलें होतें. नियम २००८ चा आणि आश्वासन २०२२ चें. मधल्या चौदा वर्षांत ती मोकळीक किती सढळ हातानें वापरली गेली असेल, याचा अंदाज यावरून करावा.

याच १९५६ च्या अधिनियमांतली दुसरी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. रस्त्यासाठीं जमीन घ्यावयाची असतां ३-क खालीं अधिसूचना निघते, आणि तिजपासून २१ दिवसांच्या आंत हितसंबंधी मनुष्यास हरकत घेतां येते. सक्षम अधिकाऱ्यानें त्या हरकतदाराचें म्हणणें ऐकलें पाहिजे, असें कायदा सांगतो. हें ऐकणें पुष्कळदां कसें उरकलें जातें, तें ज्यांची जमीन गेली त्यांस सांगावयास नको. तरी पण हक्क म्हणून तें कागदावर आहे, आणि ज्यांनीं तो नीट वापरला त्यांपैकीं कित्येकांच्या विहिरी व घरें रस्त्याच्या आंखणींतून वांचलीं आहेत. जमिनीचा एक तुकडा घेतांना जो कायदा धन्यास विचारतो, तोच कायदा त्या तुकड्यावर रस्ता झाल्यावर साऱ्या तालुक्याच्या मालावर कर बसवितांना कोणासही विचारीत नाहीं. 

आणखी एक तुलना करण्याजोगी आहे. आपल्या ग्रामपंचायतीस घरपट्टी अगर दुसरा एखादा कर नव्यानें बसवावयाचा असला तर तिला ठराव करावा लागतो, गांवांत नोटीस लावावी लागते, आणि लोकांच्या हरकती मागवून त्यांचा विचार करावा लागतो. वर्षाला गांवांतून कांहीं हजार रुपये गोळा करणाऱ्या पंचायतीवर हा निर्बंध, आणि दिवसाला लाखों रुपये गोळा करणाऱ्या नाक्यावर कांहींच नाहीं! ७३ व्या घटनादुरुस्तीनें १९९३ सालापासून पंचायतींस राज्यघटनेंत स्थान मिळालें. तिच्याबरोबर आलेल्या अकराव्या अनुसूचींत रस्ते, मोऱ्या, पूल व दळणवळणाचीं साधनें हा विषय १३ व्या नोंदींत पंचायतींकडे सोंपविण्याजोगा म्हणून सांगितला आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत जमीन घेण्यापूर्वीं ग्रामसभेशीं अगर पंचायतीशीं विचारविनिमय करणें बंधनकारक केलें. तेव्हां गांवास विचारण्याची कल्पना आपल्या कायद्यास परकी आहे असें नाहीं. ती पथकराच्या कलमापर्यंत येऊन पोंचलेली नाहीं, इतकेंच.

रस्त्यासाठीं पैसा लागतो व तो कोणी तरी दिला पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. पण शेतकरी तो आजपर्यंत देत नव्हता असें कोणी म्हणूं नये. जुन्या मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून घेत, आणि तो रस्ते व शाळा यांसाठीं असे. १८८४ च्या कायद्यानें त्याचा विनियोग लोकल बोर्डांकडे आला. त्या आण्याविषयीं तक्रारी पुष्कळ होत्या, पण पैसा कोठें लागतो हें विचारावयास निदान तालुक्यास एक बोर्ड होतें. आज डिझेलच्या प्रत्येक लिटरामागें रस्ते व पायाभूत सोयींचा उपकर जातो, वाहनावर कर जातो, आणि त्यावर पथकर जातो. तिहींपैकीं एकाविषयींही तालुक्याच्या संस्थेस बोलावयास जागा नाहीं.

स्थानिक संस्थांस विचारावें असें आम्ही म्हणतों तें केवळ त्यांचा मान राखला जावा म्हणून नव्हे. नाक्याचा खर्च त्यांजवर कसा पडतो, तें रस्त्याकांठच्या कोणत्याही गांवांत जाऊन पाहावें. नाका टाळण्यासाठीं मालमोटारी आंतल्या रस्त्यास वळतात. तो रस्ता जिल्हा परिषदेचा, बैलगाडी, ट्रॅक्टर व एस. टी. यांच्या बेतानें बांधलेला. दोन पावसाळ्यांत त्याची चाळण होते, मोऱ्या खचतात, शाळेंत जाणारीं मुलें अवजड वाहनांच्या चाकांशेजारून चालूं लागतात. दुरुस्तीचा बोजा जिल्हा परिषदेवर पडतो, आणि पथकराचा पैसा मात्र दुसरीकडे जातो. कोणत्या आंतल्या रस्त्यानें मोटारी वळतील, हें मुंबईंत अगर दिल्लींत बसून नकाशावरून समजत नाहीं; तें गांवच्या पोरासही ठाऊक असतें. तसेंच नाका बाजार समितीच्या आवाराच्या अलीकडे येतो कीं पलीकडे, दूध संकलनाच्या वाटेवर येतो कीं कसें, गांव एका बाजूस व त्याची निम्मी शेती दुसऱ्या बाजूस अशी फाटाफूट होते कीं काय, या गोष्टी स्थानिक माणसांस न विचारतां ठरविल्या तर त्या चुकणारच. दोन कोस इकडे अगर तिकडे नाका सरकविल्यानें सरकारच्या उत्पन्नांत फारसा फरक पडत नाहीं, पण एखाद्या तालुक्याचा सबंध बाजार वांचतो.

विचारलें नाहीं म्हणजे काय होतें, याचा एक दाखला शेतकऱ्यांच्याच इतिहासांत आहे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांताच्या दक्षिण भागांत एकोणिसाव्या शतकांत रस्ते निरनिराळ्या विश्वस्त मंडळांकडे होते. प्रत्येक मंडळास पार्लमेंटानें वेगळ्या कायद्यानें नाके बसविण्याची सनद दिलेली. मंडळें नाक्यांचा इजारा देत. आणि इजारदार आडवाटांवरही अडसर घालून पैसा वसूल करीत. तेथील जमीन आम्लधर्मी असल्यामुळें तींत चुना घालावा लागे, आणि चुना भट्टीवरून गाड्यांनीं आणावा लागे. कार्मार्थनसारख्या गांवाभोंवतीं निरनिराळ्या मंडळांचे नाके असल्यानें एका फेरींत चुन्याच्या गाडीस कित्येक ठिकाणीं पैसे मोजावे लागत. पिकें बसलेलीं, भाव पडलेले, खंड चढलेले, आणि त्यांत हा चुन्यावरचा भार. १८३९ च्या मे महिन्यांत एफेलवेन येथील नाका शेतकऱ्यांनीं रात्रीं मोडला. स्त्रियांचे पोषाख करून, ‘रिबेका व तिच्या मुली’ असें नांव घेऊन ते येत. १८४२ च्या अखेरीपासून ही चळवळ इतकी पसरली कीं सरकारनें फौज पाठविली. १८४३ सालीं हेंडी येथें नाका राखणारी एक वृद्ध स्त्री गोळी लागून मेली. ती बिचारी ना मंडळाची सभासद, ना इजारदार. अखेर सर टॉमस फ्रँकलंड लुइस यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ नेमलें गेलें, त्यानें गांवोगांव फिरून शेतकऱ्यांच्या साक्षी घेतल्या, आणि १८४४ च्या कायद्यानें तेथील सर्व मंडळें मोडून प्रत्येक परगण्याचें एक रस्ते मंडळ केलें. दर एकसारखे झाले. चुन्यावरचा कर निम्म्यावर आला. 

जी चौकशी नाके जळल्यावर झाली ती नाके बसविण्यापूर्वीं झाली असती तर फौजेचा खर्च वांचला असता, आणि हेंडीची ती स्त्रीही वांचली असती.

आपल्याकडचा दाखला कोल्हापूरचा. त्या शहरांतील सुमारें ५० किलोमीटर रस्ते सुमारें २२० कोटी रुपये खर्चून खासगी भांडवलानें करावयाचे, आणि ३० वर्षें शहराच्या प्रवेशमार्गांवर पथकर घेऊन तो खर्च भागवावयाचा, अशी ती योजना होती. शहराच्या भोंवतालचा मुलूख म्हणजे ऊस, गूळ व दूध यांचा. करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतल्या मनुष्यास कोर्टकचेरी, दवाखाना, गुळाची पेठ, सर्व कांहीं कोल्हापुरांतच. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या मंडळींनीं विरोधाचें नेतृत्व केलें. ऑक्टोबर २०१३ मध्यें वसुली सुरू झाली; जानेवारी २०१४ मध्यें नाके जाळले गेले; पुढें कोर्टाचे हुकूम, स्थगिती, पुन्हां वसुली असें होत होत डिसेंबर २०१५ मध्यें पथकर रद्द करीत असल्याचें राज्य सरकारनें जाहीर केलें. रस्ते ज्यानें बांधले त्याची रक्कम भागविण्याचा भार अखेर सार्वजनिक तिजोरीवर आला. जाळपोळीचें आम्ही समर्थन करीत नाहीं. परंतु पांच वर्षांचा हा कलह, मोर्चे, बंद, कोर्टखर्च, आणि शेवटीं तिजोरींतूनच रक्कम, हा मार्ग आधीं विचारण्याच्या मार्गाहून स्वस्त पडला असें कोणी म्हणेल काय?

येथें एक अडचण आहे, ती आम्ही झांकून ठेवीत नाहीं. कोल्हापूरची महानगरपालिका स्वतःच त्या कराराची एक पक्षकार होती. म्हणजे स्थानिक संस्थेस विचारलें नव्हतें असें तेथें म्हणतां येत नाहीं. विचारलें होतें, आणि तिनें सहीही केली होती. पण जे लोक पुढें तीस वर्षें पैसे भरणार होते त्यांच्यापुढें दर, मुदत व नाक्यांच्या जागा हीं सर्व एकत्र मांडून त्यांचें म्हणणें घेण्याची सक्ती कोणत्याच कायद्यानें केलेली नव्हती. आणि शहराबाहेरच्या ज्या गांवांचा माल त्या नाक्यांवरून येणार, त्यांच्या पंचायतींचा तर कराराशीं संबंधच नव्हता. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, केवळ हद्दींतल्या संस्थेस विचारून भागत नाहीं. ज्यांची ये-जा त्या नाक्यावरून आहे त्या सर्वांस विचारलें पाहिजे. दुसरी, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची सही म्हणजे संस्थेचें मत नव्हे. तें सभेपुढें, सर्व कागद मांडून, उघडपणें ठरलें पाहिजे.

असा कायदा कोठें आहे काय, असें विचारणाऱ्यांसाठीं दक्षिण आफ्रिकेचें उदाहरण देतों. तेथील १९९८ च्या राष्ट्रीय रस्ते अधिनियमाच्या २७ व्या कलमाप्रमाणें कोणताही रस्ता पथकराचा म्हणून जाहीर करण्यापूर्वीं रस्ते संस्थेस जाहीर नोटीस द्यावी लागते. तींत नाक्याची अंदाजी जागा सांगावी लागते. लोकांस लेखी म्हणणें मांडण्यास निदान ३० दिवस द्यावे लागतात. आणि ज्या प्रांतांतून रस्ता जातो तेथील मुख्य प्रधानास, तसेंच ज्यांच्या हद्दींतून जातो त्या प्रत्येक नगरसंस्थेस, लेखी विचारून निदान ६० दिवसांची मुदत द्यावी लागते. आलेलीं मतें अहवालासह मंत्र्यापुढें ठेवल्यावांचून त्यास मंजुरी देतां येत नाहीं. केपटाउन शहराच्या बाहेर द्राक्षमळ्यांच्या प्रदेशांतून जाणारे दोन महामार्ग पथकराचे म्हणून जाहीर झाले, तेव्हां केपटाउनच्या नगरसंस्थेनें कोर्टांत दाद मागितली. कलमांत सांगितलेली रीत नीट पाळली गेली नाहीं, म्हणून २०१५ सालीं उच्च न्यायालयानें ती घोषणा रद्द केली, व २०१६ सालीं वरिष्ठ अपील न्यायालयानें रस्ते संस्थेचें अपील फेटाळलें. कायद्यांत कलम नसतें तर त्या नगरसंस्थेस कोर्टाच्या पायरीवर उभें राहतां आलें असतें काय, याची शंकाच आहे.

पण त्याच देशांत, त्याच कायद्याखालीं, गौतेंग प्रांतांतल्या रस्त्यांचें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. तेथें नोटिसा निघाल्या, मुदती दिल्या, कागदोपत्रीं रीत पाळल्याचें सांगण्यांत आलें. विरोधकांचें अपील २०१३ सालीं मुख्यतः दाद मागण्यास उशीर झाल्याच्या कारणावर गेलें. डिसेंबर २०१३ पासून पथकर सुरू झाला. आणि बहुसंख्य मोटारवाल्यांनीं तो भरलाच नाहीं. दहा वर्षें थकबाकी सांठत गेली आणि ११ एप्रिल २०२४ च्या मध्यरात्रीं सरकारनें ती वसुली बंद केली. वर्तमानपत्राच्या कोंपऱ्यांत बारीक टाइपांत छापलेली नोटीस म्हणजे विचारणें नव्हे, हें तेथील सरकारास फार महागांत शिकावें लागलें.

आमच्या सूचनेविरुद्ध दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, विचारावयास गेलें म्हणजे प्रत्येक गांव नकोच म्हणेल, आणि मग रस्ते होणार नाहींत. हा आक्षेप विचारविनिमय व संमति यांचा घोटाळा करणारा आहे. विचारणें म्हणजे परवानगी मागणें नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं संकलचंद शेठ यांच्या खटल्यांत, राष्ट्रपतींनीं सरन्यायाधीशांशीं करावयाच्या विचारविनिमयासंबंधीं निर्णय देतांना, हा भेद स्पष्ट केला आहे: ज्याचा विचार घ्यावयाचा त्यापुढें सर्व माहिती ठेवावी, त्यानें विचारपूर्वक मत द्यावें, घेणाऱ्यानें तें मनापासून तोलावें, परंतु त्या मतानें घेणारा बांधला जात नाहीं. पथकराच्या बाबतींत आम्ही याहून अधिक मागत नाहीं. दहा पंचायतींनीं नको म्हटलें आणि सरकारास नाका हवाच असला, तर त्यानें तो बसवावा. पण कां बसविला, कोणत्या हरकती कां नाकारल्या, हें लिहून प्रसिद्ध करावें. लिहून द्यावें लागतें म्हटलें कीं माणसें अर्ध्या चुका करण्याचें सोडून देतात.

दुसरा आक्षेप विलंबाचा. साठ दिवसांनीं रस्ता अडत नाहीं. भूसंपादन, झाडांची परवानगी, वीजवाहिन्या हलविणें, कंत्राटें, यांत वर्षें जातात. त्यांतच हे साठ दिवस मावतात, मात्र विचारणें आरंभीं झालें पाहिजे, नाक्याचें छप्पर उभें राहिल्यावर नव्हे. शिवाय विलंबाचा हिशोब दोन्ही बाजूंनीं मांडावा. केरळांतील पालियेक्करा नाक्यावर रस्त्याच्या दुर्दशेमुळें ऑगस्ट २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें वसुली थांबविली, आणि सर्वोच्च न्यायालयानें महामार्ग प्राधिकरणाचें अपील ऐकून तो हुकूम कायम ठेवला. ऑक्टोबरांत वसुली पुन्हां सुरू होईपर्यंत दोन महिने नाक्यावर कांहीं जमलें नाहीं. दिल्ली-नोएडा पुलावरचा पथकर २०१६ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें बंद केला, व डिसेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. तेथें तर शुल्क बसविण्याचा अधिकारच खासगी कंपनीच्या हातीं दिला गेला होता. कोर्टांत जाणाऱ्या वर्षांशीं साठ दिवसांची तुलना करावी.

सध्यां लोकांच्या गाऱ्हाण्यास जो प्रतिसाद मिळतो तो हक्काचा नसून मेहेरबानीचा असतो. १ जून २०१५ पासून राज्य सरकारनें १२ नाके बंद केले व ५३ नाक्यांवर लहान वाहनें व एस. टी. यांस सूट दिली. १४ ऑक्टोबर २०२४ रोजीं मुंबईच्या पांच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांस सूट दिली. दुसऱ्याच दिवशीं विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. या दोन्ही वेळां मालमोटार वगळली गेली. मोटारींतून हिंडणाऱ्या शहरवासीयाचा आवाज मंत्रालयांत ऐकूं जातो, कांद्याच्या गोणींना आवाज नसतो. म्हणून त्यांच्या धन्यास आधीं विचारण्याची तजवीज कायद्यांतच पाहिजे.

तेव्हां १९५६ च्या केंद्रीय कायद्याच्या ७ व्या कलमांत व आपल्या राज्याच्या २० व्या कलमांत अशी दुरुस्ती व्हावी कीं, पथकराची अधिसूचना काढण्यापूर्वीं, नाक्याच्या नियोजित जागेपासून २० किलोमीटरांच्या आंतल्या सर्व ग्रामपंचायती, पंचायत समित्या, नगरपालिका, जिल्हा परिषद व बाजार समिति यांस नाक्याची जागा, प्रत्येक प्रकारच्या वाहनाचा दर, वसुलीची मुदत, रस्त्याचा खर्च, वाहनांची अंदाजी संख्या व पर्यायी रस्त्याची स्थिति हीं सर्व मराठींत कळवावींत; मत देण्यास साठ दिवस द्यावेत; आणि ग्रामपंचायतीचें मत ग्रामसभेंत वाचून ठरलेलें असावें. अंतर वीस किलोमीटरच कां, असें कोणी विचारील. सरकारनेंच मासिक पासासाठीं ‘स्थानिक’ शब्दाची मर्यादा तेवढी धरली आहे, म्हणून आम्हीही तीच घेतों. दर वाढवितांना पुन्हां विचारावें असें आम्ही म्हणत नाहीं, कारण ती वाढ नियमांतल्या सूत्रानें होते. दरसाल तीन टक्के ठरलेले, आणि घाऊक किंमतींच्या वाढीचे चाळीस टक्के. परंतु नाक्याची जागा बदलणें अगर मुदत वाढविणें असेल तर पुन्हां विचारलें पाहिजे.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. ग्रामसभा वर्षांतून अनेक वेळां भरते, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या तारखा सर्वांस ठाऊक आहेत. त्या सभांस किती माणसें येतात व किती नुसतीं रजिस्टरांत असतात, याविषयीं येथें लिहीत नाहीं, वाचक जाणतातच. ज्या गांवांजवळ नवा रस्ता होत आहे त्यांनीं आंखणी चालू असतांच नाक्याच्या जागेविषयीं ठराव करून तो जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, महामार्ग कचेरी व आपले खासदार यांस रवाना करावा आणि त्याची पोंच घ्यावी. ठरावांत नुसता ‘विरोध’ लिहूं नये. गांवांतून दरहंगामास किती टन माल कोणत्या पेठेस जातो, कोणत्या वाहनानें, कोणत्या वाटेनें, नाका अमुक ठिकाणीं झाल्यास टनामागें किती भार पडेल, आणि दोन कोस पलीकडे नेल्यास किती, हें आंकड्यांनीं लिहावें. हे आंकडे मिळवावयास कोठें जावें लागत नाहीं. मोटारमालकाकडून नाक्यांच्या पावत्या मागून घ्याव्यात, आणि कपाटांत पडलेल्या गेल्या हंगामाच्या हिशोबपट्ट्या काढून ‘मोटारभाडें’ या रकान्याची बेरीज करावी.